केरबाची फुकटची दाढी

“ज्वारी झाली तर द्या आप्पा, न्हाई झाली तर आजवरची खाल्लीच हाय की म्या,” केरबा वारीक एकदा दाढी करता करता बोलून गेला आणि तेव्हापासून शिवलिंगआप्पाच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

देवणीकडच्या त्या गावात सलग दुसऱ्या साली पाऊस नव्हता. खळीच लागली नाहीत, तर बलुतं कुठून देणार? सुतार उदगीरला निघून गेला. केरबा मात्र दर बुधवारी वस्तऱ्या-कात्रीची धोपटी काखेत मारून ओसरीवर हजर. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथं केरबाच्या पुतण्यानं मोठमोठे आरसे लावून कटिंगचं दुकान थाटलं होतं, काकाला खुर्ची देऊ केली होती. केरबा गेला नाही. “तिथं नुसती डोकी येत्यात न् जात्यात. कुणाच्या घरचं इचारावं?” म्हणाला.

आप्पाला हे पटेना. जिल्हा झाल्यापासून सडकेकडेच्या जागांना भाव आला होता आणि आप्पाची जागा नेमकी फाट्यावर. तिथं केरबा थांबतो, बघत राहतो, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुष्काळात फुकट राबणारा माणूस सुकाळात काय मागेल?

“लई गोड बोलाया लागलाय,” तो बायकोला म्हणाला.

महादेवीनं भाकरी उलटली. “तुमच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोय इतकी वर्सं. जिवाचं भ्या वाटलं न्हाई, जागेचं वाटाया लागलं व्हय?”

पुढच्या बुधवारी केरबानं दोन्ही गालांना साबण लावला, एका गालावरची दाढी उतरवली. हात नेहमीसारखाच हलका होता. आप्पाला तो हलकेपणाही खटकला. वस्तरा हनुवटीखाली आला, तसं त्यानं केरबाचं मनगट धरलं.

“फाट्यावरची जागा पायजे तुला?”

“मला?” केरबा हसला. “तिथल्या लिंबाखाली तुमच्या वडलांची दाढी करायचो. ध्यानात येतं, म्हणून थांबतो.”

“दोन साल पायलीभर दाणा न्हाई दिला. तरी येतोस. काय घ्यायचं ते आजच सांग, केरबा. उपकार नको मला तुझे.”

केरबाचं हसू विरलं. त्यानं मनगट हळूच सोडवून घेतलं. वस्तरा पुसला, मिटला. वाटीतलं पाणी अंगणात ओतलं.

“अरे, अर्धीच राहिली,” आप्पा म्हणाला. दुसऱ्या गालावर साबण वाळत होता.

केरबानं धोपटी काखेत घेतली, पायरीवरच्या वहाणा पायात घातल्या आणि दारातून बाहेर पडला.