ठोसा टाचेतून निघतो

शेजारचे दळवी सर टीव्हीवर बॉक्सिंग बघताना पडद्यावर वर्तमानपत्र असं टाकतात की वरचा अर्धा भाग झाकला जातो. आयुष्यभर मुलांना ठोसे शिकवत आलेला हा माणूस खेळाडूंचे फक्त पाय बघत बसतो.

रविवारी मीही सोबत बसलो. समालोचक जॅब, हुक, अपरकट अशी ठोशांची नावं भराभर घेत होता आणि मला तो मोठा जाणकार वाटत होता. मधेच सर हळूच म्हणाले, "आता बसणार." क्षणभराने समालोचक ओरडला, "काय तो हात!"

"हात झाकलेले असताना तुम्हाला आधी कळलं कसं?" मी विचारलं.

"मागची टाच वळली ना. ठोसा तिथून निघतो, कंबरेतून खांद्यात येतो. हात नुसता पोचवतो."

मी गेली कित्येक वर्षं मैफलींवर लिहितो. तानेला दाद कशी द्यावी हे मला नेमकं ठाऊक आहे. त्या तानेआधी गायिकेने श्वास कुठे भरून घेतला, हे मात्र मी एकदाही बघितलेलं नाही. जाणकार बोलायच्या आधी ओळखता येतो, याची आता मला पक्की खात्री आहे. तो गप्प असतो तेव्हा कुठे बघतोय, तेवढं बघावं.

वर्तमानपत्र एका बाजूने घसरलं. ते सरळ करायला मी उठलो, तर पान मैफलीच्या परीक्षणाचं निघालं. खाली माझं नाव होतं आणि वर ठळक मथळा, 'काय तो गळा!'

मी ते नीट सरळ केलं आणि पाय बघायला बसलो.