चुक्याचा वाफा आणि दोन मांजरी

त्या महिन्यात मी गल्लीतल्या दोन मांजरींवर जेवढी ओरडले, तेवढी जन्मात कुणावर ओरडले नसेन. पण कारणच तसं होतं! इंदूरला दिलेली माझी लेक पाचव्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात अन्नच ठरत नव्हतं. वजन वाढायचं सोडून उतरत चाललेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे खावंसं वाटेल ते द्या. आणि पोरीला डोहाळे कसले, तर चुक्याच्या आंबट भाजीचे!

आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात टावर चौकापासून नानाखेड्यापर्यंत मी एक भाजीवाली सोडली नाही. ‘खट्टा पालक? वो तो नहीं आता, दीदी.’ शेवटी अमरावतीच्या बहिणीनं बियांची पुडी धाडली. कढीपत्त्याच्या बुंध्याला लागून मी वाफा केला, माती छान भुसभुशीत केली, बी पेरलं. दोन दिवसांनी बघते तर सगळं उकरलेलं आणि वर घाण! पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. पुडीत आता चिमूटभर बी उरलं होतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. शेजारीण म्हणाली, ‘भाभीजी, नीली बोतल टाँग दो, बिल्ली फटकेगी नहीं.’ निळीच्या पाण्याच्या सहा बाटल्या टांगल्या. संत्र्याची सालं पसरली, बाभळीचे काटे रोवले. मिरचीपूड भुरभुरली ती वाऱ्यानं माझ्याच डोळ्यांत गेली. आणि मांजरी? दोघी रोज सकाळी हजर!

यजमान रेल्वेतून निवृत्त, त्यांना वेळच वेळ. शेवटचं बी पेरायच्या आदल्या दिवशी त्यांना म्हटलं, या मांजरी येतात तरी कशाला, तुम्हीच पहारा करून बघा. पाण्याचा पाइप घेऊन ते पायरीवर बसले. मी नेहमीसारखी स्वयंपाकघरातून आले, दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी नि ताकाच्या भांड्याचं धुवण कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. आमच्या आईची शिकवण, दुधाताकाचा थेंब मोरीत जायचा नाही, आणि ताकानं कढीपत्ता कसा फोफावतो!

‘अगं, मागे बघ!’

मागे त्या दोघी, शेपट्या वर करून, ओली माती चाटायला आलेल्या.

हे पोट धरून हसायला लागले. ‘रोज पंगत वाढतेस आणि वर पाहुण्यांना हाकलतेस होय गं?’

अशी लाज वाटली म्हणून सांगू! जेवायला मी बोलवायचे, आणि जेवण झालं की शेजारी मऊ माती तयारच. त्या दिवसापासून विसळण गच्चीवरच्या कुंड्यांना. उरलेलं बी पेरून वाफ्यावर जुनी जाळी ठोकली. आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसले आणि मी अंगणात अक्षरशः नाचले!

पानं तळहाताएवढी झाली तशी लेकीला आणवलं. डाळ-दाणे घालून भाजी केली, वरून लसणाची फोडणी, गरम भाकरी. ती जेवली. आम्ही दोघं समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होतो; आत्ता उठेल, आत्ता मोरीकडे धावेल. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. ती उठली नाही.

‘आई, अजून आहे का गं?’

मी अनवाणीच अंगणात धावले. ‘अगं, मुळं तरी ठेव!’ हे मागून ओरडत होते. मी रडत होते आणि ओंजळी भरभरून पानं खुडत होते.