डिप्टींचा शेरा

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत सुनेत्राबाई आम्हाला सृष्टिनिरीक्षण शिकवायच्या. फळ्यापेक्षा त्यांना डोंगर प्रिय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हाला घेऊन कुरवंड्याची वाट धरायच्या. वय चौतीस आणि लग्न नाही. १९३८ साली गावाला बोलायला एवढं पुष्कळ होतं. बाईंना त्याची फिकीर नव्हती.

त्यामागची हकीकत पुढे त्यांनीच आम्हाला सांगितली. पुण्याला कॉलेजात असताना त्यांच्या वर्गात केशव आपटे होता. वाळवलेल्या पानांच्या वहीत चिठ्ठी घालून तो वही ‘तपासायला’ द्यायचा. बाई चिठ्ठीतलं शुद्धलेखनसुद्धा तपासून परत करायच्या. परीक्षा झाली की घरी सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं. तेवढ्यात बाईंच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. पाठचे दोन्ही भाऊ शाळेत. बाईंनी लोणावळ्याची नोकरी धरली आणि केशवला सांगून टाकलं, “माझ्यासाठी थांबू नका.” त्याची पत्रं येत राहिली. आपलाच निश्चय मोडेल म्हणून बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी श्रावणात शाळा तपासायला नवे डिप्टी आले. ते आमच्या वर्गात शिरले, तशा बाई नमस्कार करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, घाबरल्या.

डिप्टींनी टेबलावरचं कळलावीचं फूल उचललं. “मुलींनो, ही वेल कशानं चढते? काट्यांनी.”

बाई खिडकीबाहेरचा डोंगर पाहत राहिल्या.

“काट्यांनी,” डिप्टी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

“मुळीच नाही!” बाई गर्रकन वळल्या. “पानाचं टोक वळतं, त्यानं आधार धरते. कॉलेजातही सांगितलं होतं तुम्हाला!”

आम्ही माना खाली घातल्या. डिप्टी मात्र खळखळून हसले. “म्हणजे ओळख आहे तर,” म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले.

दुपारी ते गेल्यावर मुख्याध्यापिका लीलाबाईंनी शेरेबुक उघडलं आणि सुनेत्राबाईंना बोलावलं. लिहिलं होतं: ‘मुलींची तयारी उत्तम. सृष्टिनिरीक्षणाच्या शिक्षिका पत्रांना उत्तरे देत नाहीत. सुधारणा व्हावी.’

“कुठली पत्रं हो? सरकारी?” लीलाबाईंना घाम फुटला.

शाळेत पाणी भरणारी झुंबरबाई दारातच होती. “सरकारी कुटली? सायेब पानी प्याला आला तवा इचारत व्हता, बाईंचं लगीन झालंय का म्हून. न्हाई म्हनलं, तर लय खूस झाला. जावा की बाई, गाडी जायच्या आत!”

बाईंनी शेरेबुक काखोटीला मारलं, छत्री घेतली आणि स्टेशन गाठलं. झुंबरबाई मागोमाग गेली, म्हणून पुढचं सगळं आम्हाला कळलं.

“हा शेरा खोडा,” बाई फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या डिप्टींना, म्हणजे केशव आपट्यांना म्हणाल्या.

“अकरा पत्रं लिहिली मी. शेरा खरा आहे.”

बाईंनी शेरेबुक मिटलं. “तुम्ही लग्न केलं नाहीत?”

“एकदा जुळत आलं होतं. मुलगी पाहायला गेलो आणि तासभर त्यांच्या अंगणातल्या बकुळीवर बोलत बसलो. त्यांनी नकार कळवला.”

बाईंना हसू आवरेना.

“वडील कसे आहेत?” केशवरावांनी विचारलं.

“चार वर्षांपूर्वी गेले. भाऊ दोघेही मार्गी लागले.”

“मग आता अडचण काय?”

“तुम्ही अजून विचारलं कुठं आहे!”

त्यांनी विचारलं. बाई “हो” म्हणाल्या, ते इतक्या ठसक्यात की सामान वाहणारा हमाल थांबून पाहायला लागला. केशवरावांनी तिथंच बाकावर शेरेबुक ठेवून खाली एक ओळ लिहिली: ‘सुधारणा झाली.’

भाऊ कुरकुरले. या वयात लग्न, लोक काय म्हणतील? “तुमच्या फिया लोकांनी नाही भरल्या,” एवढंच बाई म्हणाल्या. माघात लग्न झालं. आमचा अख्खा वर्ग पंगतीला होता. जिलबी आम्हीच संपवली. झुंबरबाईला बाईंनी नवं लुगडं नेसवून पहिल्या पानावर बसवलं. केशवरावांनी वरच्या कचेरीला कळवून आमची शाळा दुसऱ्या डिप्टींकडे सोपवली. बाईंनी नोकरी सोडली नाही.

दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, अरुंधती. तीन महिन्यांनी बाई परत शाळेत आल्या आणि पाळणा लीलाबाईंच्या खोलीत टांगला. मधल्या सुट्टीत झोके द्यायला आमची रांग लागायची, आणि लीलाबाई दारात उभ्या राहून पुकारायच्या, “एकीला दहाच झोके! अकरावा देईल ती उद्या रांगेच्या शेवटी!”