अंबुजाक्कांचा पाट

अंबुजाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोजे चढवत होतो. खुर्चीवर न बसता, एका पायावर उभा राहून. ही सवय त्यांनीच लावलेली. त्यांचे यजमान माधवराव एवढंच म्हणाले, "अंबुजा गेली हो..." दुसरा मोजा हातात धरून मी किती वेळ तसाच उभा होतो, कोण जाणे. त्याला आता महिना उलटून गेला.

बँकेनं माझी चेन्नईला बदली केली ते साल दोन हजार दोन. त्याच वर्षी गॅसची टाकी उचलायला वाकलो आणि कंबरेनं दगा दिला. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझी मुंगी वाटेतच बसून राहिली होती. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, अशी बंधनं मी स्वतःच घालून घेतली. माझी दोन वर्षांची मुलगी मनू हात वर करून यायची, मी तोंड फिरवायचो. त्याची लाज मला आजही वाटते.

कुणीतरी मैलापूरच्या अंबुजाक्कांचं नाव सुचवलं. कंबर, मान, गुडघे यांच्या दुखण्यावर आणि त्यातून माणूस पुन्हा उभा कसा राहतो, यावर त्या संशोधन करत. घराणं तंजावरकडचं मराठी. बोलणं जुन्या वळणाचं, त्यात तमिळ मिसळलेलं. निम्मं मला कळायचं, निम्मं मी अंदाजानं भरून काढायचो. पहिल्या भेटीत त्यांनी खुर्ची दिलीच नाही, एक बुटका पाट पुढे सरकवला.

"पाटावरी बसा."

"मला नाही बसता येत."

"बसा हो. मेल्ला, मेल्ला..." सावकाश, असं त्या तमिळमध्ये बजावत होत्या.

बसलो एकदाचा. उठताना मात्र घाम फुटला. माधवराव हात द्यायला पुढे आले, तशा त्या कडाडल्या, "हात देऊं नका! उठतील ते." उठलो. मनातल्या मनात त्यांना शिव्या देत उठलो.

त्या पाटामागे त्यांचीच एक फजिती होती आणि ती त्या हसत हसत सांगायच्या. परदेशी प्रश्नावली तमिळमध्ये उतरवून त्या देवळाजवळच्या फुलं ओवणाऱ्या बायकांकडे गेल्या होत्या. तासभर खुर्चीत बसल्यावर कंबर दुखते का? सगळ्याजणी म्हणाल्या, नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "अम्मा, आमच्याकडे खुर्ची आहे कुठे?" आणि खांबाला धरून, कण्हत उठली. अक्कांनी तो सगळा गठ्ठा बाजूला ठेवला. वरिष्ठ चिडले तरी वर्षभराचं काम पहिल्यापासून केलं. मांडी घालून जेवता येतं का, हात न टेकता उठता येतं का, असे प्रश्न त्या बायकांबरोबर बसूनच तयार केले. आणि प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या, "दुखण्यापायी काय सोडलंत?"

मलाही विचारलं. मी मनूचं नाव घेतलं आणि रडलो.

चार महिने लागले. आधी उशी, मग अर्धी बादली, मग भरलेली बादली... आणि एके दिवशी त्यांच्याच खोलीत मी मनूला कडेवर घेतलं. अक्का वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. डोळे पुसलेले मला दिसू नयेत म्हणून असावं.

मग त्यांनाच कर्करोगानं गाठलं. शेवटच्या भेटीत हट्टानं पाटावर बसल्या, तासभर गप्पा मारल्या. उठायची वेळ आली. तळवे जमिनीला टेकले, एकदा, दोनदा... उठता येईना. आणि माधवराव नि मी, आम्ही दोघं पुरुष मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखे बघत बसलो. नियम त्यांचाच ना! शेवटी त्याच हसल्या. "बघत काय बसलात? द्या की हात." मी दिला. त्यांच्या हातात वजनच उरलं नव्हतं.

परवा मनूला घेऊन मैलापूरला गेलो. माधवरावांनी पाट सरकवला. कॉफी झाली, मी उठू लागलो, तसा त्यांचा हात पुढे आला. अर्ध्यावर थांबला आणि सवयीनं मागे गेला. ते भिंतीकडे बघू लागले.

उठता मला येत होतं. पण मी त्यांचा हात धरला, आणि धरूनच उठलो.