हुजऱ्याचे गुडघे

सरकारबाई आम्हा पोरांना अहोजाहो करत. आमच्या गल्लीत ही गोष्ट एवढी नवलाची होती की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मागे वळून पाहिले. वाटले, माझ्यामागे कोणी मोठे माणूस उभे असेल. मागे एक म्हैस तेवढी होती. बाई म्हणाल्या, "तुम्हालाच म्हणते आहे, सरकार. पाय पुसून वर या. गोष्ट सुरू व्हायची आहे."

मी तेव्हा नुकताच पाचवीत गेलो होतो. मुरगूडजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेलेले नव्हते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कोल्हापुरात आत्याकडे आणून ठेवले. आत्याच्या यजमानांना मी मामा म्हणत असे. त्यांचे सायकली भाड्याने द्यायचे दुकान होते. त्या दोघांना मूल नव्हते. सरकारबाई त्याच गल्लीत एका खोलीत एकट्या राहत. मुलींच्या शाळेत शिकवत, आणि रविवारी सकाळी खोलीपुढच्या सोप्यात पोरे गोळा करून स्वतः लिहीत असलेली गोष्ट वाचून दाखवत. प्रत्येक पोराला त्या 'सरकार' म्हणत, म्हणून गल्लीने त्यांचेच नाव सरकारबाई ठेवले होते.

गोष्ट एका संस्थानातल्या बाळराजांची होती. बाळराजे आठ वर्षांचे. जन्म खेड्यातल्या भाऊबंदांच्या घरातला. राणीसाहेबांना मुलगा नव्हता म्हणून त्यांना दत्तक घेऊन गादीवर बसवले होते. पहाटे उठायचे, घोड्यावर बसायचे, मग मोडी गिरवायची, मग दरबार. जेवताना आधी दुसरा कोणीतरी घास चाखून बघणार, तोवर पोटात कावळे ओरडत असले तरी गप्प बसायचे. हे ऐकताना आमच्यातला बबल्या एकदा न राहवून ओरडला, "राजा हाय आन् गोट्या खेळाय न्हाय मिळत? मग काय उपेग त्या राज्याचा?" बाईंनी तांबड्या पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतले. पुढच्या रविवारी बाळराजांनी भर दरबारात कारभाऱ्यांना नेमके तेच विचारले. बबल्या उभाच राहिला. "ह्ये माझं हाय! ह्ये मी बोललतो!" म्हणून त्याने सगळी गल्ली डोक्यावर घेतली.

वाचून झाले की बाईंचा प्रश्न ठरलेला असे, "कुठे कंटाळा आला, सरकार?" आम्ही खरे सांगायचो. शिकारीच्या प्रकरणाला सुनंदा नावाची मुलगी म्हणाली, "लई झाडं झाली, बाई." ती सगळी झाडे पुढच्या आठवड्यात गेली. हिनेच एकदा विचारले होते, "तुम्ही राजवाडा आतनं बघितलाय का?"

"बाहेरून. तुम्ही पाहिलात तसाच."

"मग येवढं कसं ठावं?"

"थोडं वाचून, थोडं जुन्या माणसांना विचारून," बाई म्हणाल्या. "उरलेलं तुमच्याकडे बघून."

त्याचा अर्थ मला लवकरच कळला. गावाहून येताना माझे कपडे आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिले होते. तो तुकडा मी उशाखाली घेऊन झोपत असे. एका रविवारी बाई वाचू लागल्या, तर बाळराजांच्या रेशमी उशीखाली खेड्यातल्या आईच्या लुगड्याचा तुकडा होता. हुजरे रोज अंथरूण झटकत आणि तो तुकडा मुकाट्याने पुन्हा होता तिथे ठेवत. मी जमिनीकडे पाहत राहिलो. बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. नळावर आत्याने त्यांना सांगितले असणार, हे आज सुचते. तेव्हा मात्र वाटले होते की ह्यांना भिंतीपलीकडचे दिसते.

त्यांच्या दोन गोष्टी गल्लीत सगळ्यांना माहीत होत्या. एक, त्या कोणाही पोराला पाया पडू देत नसत. वाकायला लागले की दोन पावले मागे सरत. "सरकार वाकत नाहीत," म्हणत आणि उलट आम्हालाच मुजरा करत. दुसरी, त्यांच्या हातून कधी काही पडत किंवा सांडत नसे. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन त्या सोप्याच्या पायऱ्या उतरत, रस्ता ओलांडून आत्याच्या दारात येत, तरी बशी कोरडी. आत्या म्हणायची, "बाईंच्या हाताला देवानं गवंड्याची पाणसळ लावलीया."

त्या वर्षी श्रावणात मामांनी आणि आत्याने मला दत्तक घ्यायचे ठरवले. दादांनी होकार दिला. घरी आम्ही तिघे भाऊ होतो, आणि शहरात शिकून एकाचे तरी भले होईल असे त्यांना वाटले असावे. विधी दसऱ्यानंतर करायचा होता. आत्या मला जवळ बसवून, भाकरीवर तुपाची धार धरत म्हणाली, "आता मला आत्या न्हाय म्हणायचं. आई म्हणायचं. आन् तुझी आई ती मामी. नातंच फिरतंय, बाळा, त्याला कोण काय करणार? सवय लाव की आत्तापासनं."

आत्या वाईट नव्हती. हे मला पुन्हा पुन्हा लिहावेसे वाटते. माझ्या शर्टाचे बटण तुटले तर हातातले काम टाकून ती सुई-दोरा घ्यायची. पण आईला मामी म्हणायचे, ह्या विचाराने भाकरी तशीच ताटात राहायची. नको म्हणावे तर परत गावी जावे लागणार, शाळा सुटणार, एवढे मला कळत होते. आणि शाळा मला हवी होती. म्हणून मी गप्प राहिलो.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी बाईंनी दसरा दरबाराचे प्रकरण आणले. दरबार उठतो, बाळराजे आत राणीवशात जातात. तिथे घरातल्या बायका एकेक करून पुढे येऊन त्यांना मुजरा करतात आणि सोने देतात. त्यांतच त्यांची जन्माची आई उभी आहे. तिला आता 'काकीसाहेब' म्हणायचे. ती मुजरा करते. राजा कोणापुढे वाकत नाही. इथे बाई थांबल्या. "पुढचं अजून लिहिलेलं नाही," म्हणाल्या. "मला सुचत नाहीये."

मी एरवी बोलत नसे. त्या दिवशी कसा कोण जाणे, बोललो. "बाई, त्याच्या हातनं पान पडंल. मग ते उचलायला तो वाकंल. मग आईच्या पाया पडल्यागत हुईल."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "फार छान आहे, सरकार. पण राजाची पडलेली वस्तू राजा उचलत नाही. हुजऱ्या उचलतो. तो जवळच उभा असतो."

"मग हुजऱ्याला हाकला की भाईर!" बबल्या म्हणाला. सगळे हसले. मला हसू आले नाही. बाळराजांचेच काही होत नाही तर माझे काय होणार, असे काहीसे वाटून मी घरी आलो.

दसऱ्याला आई आणि दादा एस. टी.ने आले. संध्याकाळी चौकातून सोने लुटून सगळे परतले तेव्हा आत्याने आपल्या घरच्या सोप्यात सतरंजी घालून शेजाऱ्यांना बोलावले होते. तिला तो दिवस मोठा करायचा होता. सरकारबाई खुर्चीवर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. मी आधी मामांना सोने दिले. मग आत्यापुढे वाकलो आणि ठरल्याप्रमाणे म्हणालो, "आई, सोनं घ्या." आत्याने ते पान इतरांसारखे ताटात ठेवले नाही. पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

मग मी आईपुढे गेलो. ती भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, पाहुण्यासारखी बसली होती. ती उठून उभी राहिली. मी पाया पडलो. पान पुढे केले. शब्द येईना.

"म्हण की रे!" आत्या म्हणाली. "मामी, सोनं घ्या, म्हण. लाजतंय बघा पोरगं."

शेजारणी हसल्या. आई खाली बघूनच म्हणाली, "म्हण, बाळा. मामीच हाय मी आता."

तेवढ्यात मोठा आवाज झाला. सरकारबाईंचा कप त्यांच्या हातून सुटला होता. चहा सतरंजीवर, शेजारणीच्या नव्या पातळावर, सगळीकडे. "अगं बाई! अगं बाई!" करत बायका उठल्या. मामा सतरंजी उचलू लागले, आत्या फडके आणायला आत धावली. त्या गडबडीत आई आणि मी भिंतीशी दाबले गेलो. तिचा कान माझ्या तोंडाशी आला. मी म्हणालो, "आई, सोनं घे."

तिने पानासकट माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

मी मान वर केली तेव्हा आत्या फडके घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ऐकले होते. मी तिला जे 'आई' म्हणालो होतो ते आणि हे, ह्यात काय फरक होता तो तिच्याइतका कोणाला कळला असेल असे मला वाटत नाही. ती खाली बसली आणि फरशी पुसू लागली. जिथे चहा सांडला नव्हता तिथेही पुसत राहिली.

"माफ करा हं," सरकारबाई म्हणाल्या. "हात थरथरतो माझा हल्ली."

"असू द्या, बाई," आत्या मान वर न करता म्हणाली. "सांडतंय कवाकवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली तेव्हा आत्याने तिची ओटी भरली. भरता भरता म्हणाली, "वैनी, पोरगं शाळेला हितंच र्‍हाऊ दे. नावाचं मग बघू." ते 'मग' पुन्हा कोणी काढले नाही. मी मॅट्रिक होईपर्यंत त्या घरात राहिलो, आणि आत्या आत्याच राहिली. आजही मी तिला हाक मारली की ती लगेच वळत नाही. क्षणभर थांबते, जणू आणखी एखादा शब्द यायचा आहे. मग वळते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी बाईंनी ते प्रकरण पुरे करून आणले. मला ते शब्दाशब्दाने आठवत नाही, पण असे होते. बाळराजांच्या हातून पान निसटून काकीसाहेबांच्या पावलांपाशी पडले. म्हातारा हुजऱ्या जवळच उभा होता. राजाची पडलेली वस्तू उचलण्यात त्याचा जन्म गेला होता. पण तो वाकला नाही. वरच्या झुंबरांकडे पाहत राहिला. मग बाळराजे स्वतः वाकले. पान समोरच होते, तरी सापडायला त्यांना बराच वेळ लागला. नंतर कारभाऱ्यांनी हुजऱ्याला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, 'गुडघे दुखतात हल्ली.'

"खोटारडं हाय म्हातारं!" बबल्या ओरडला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पर बेस हाय."

"कुठे कंटाळा आला, सरकार?" बाईंनी विचारले. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मला त्या चहाबद्दल विचारायचे होते, धीर झाला नाही. पाने आवरताना त्या मला म्हणाल्या, "कल्पना तुमचीच आहे. फक्त हुजऱ्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं."

ते पुस्तक कधी निघाले नाही. बाईंनी पाने पुण्याला प्रकाशकाकडे पाठवली, ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. "राजा इतका हळवा नको म्हणतात," एवढेच त्या म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. कॉलेजच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा, नसणार हे ठाऊक असूनही, मुलांच्या पुस्तकांचे कपाट कुठे आहे ते विचारले. तिथे तसे कपाटच नव्हते. ह्या वर्षी गडहिंग्लजहून आलेल्या एका वर्गमित्राने सांगितले की बाई वारल्या. ती पाने कोणाकडे आहेत ते त्याला माहीत नव्हते. मला कधी कधी रविवारी सकाळी उगाच वाटते की कुठल्यातरी सोप्यात कोणीतरी पुढचे प्रकरण वाचत असेल आणि मला उशीर झाला आहे.

शेवटचे भेटलो ते एस. टी. स्टँडवर. त्या नोकरीतून मोकळ्या होऊन गडहिंग्लजला भावाकडे राहायला निघाल्या होत्या, आणि मला नुकताच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी त्यांची ट्रंक टपावर चढवून खाली उतरलो. हातांची धूळ झटकली. त्याच म्हणाल्या, "कॉलेजात आता सगळे तुम्हाला अहोजाहो करतील, सरकार. तेव्हा मागे वळून पाहू नका."

मी पाया पडायला वाकलो. त्या सवयीने दोन पावले मागे सरल्या. "अंहं. सरकार वाकत नाहीत."

मी तसाच उभा राहिलो. कंडक्टर लोकांना आत घेऊ लागला. बाईंनी पिशवीतून चष्म्याचे घर काढले, आणि ते त्यांच्या हातून निसटून त्यांच्या पायांपाशी पडले. त्यांनी खाली पाहिले नाही. गाडीवरची गडहिंग्लजची पाटी त्या अशा वाचू लागल्या, जणू ते अक्षर त्यांना लागत नव्हते.

"तेवढं उचलता का, सरकार?" त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात हल्ली."

मी वाकलो. ते घर समोरच होते. सापडायला मला बराच वेळ लागला.