बापाचा बेसाल्ट, लेकाचं ग्रॅनाइट

ग्रॅनाइटच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. एक तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे मी मागच्या भिंतीला टेकवून ठेवतो. किस्से डोक्यात पडून असतात. बायको म्हणते, "दोन्हींना गिऱ्हाईक नाही!" पण तुम्ही बसलाच आहात, चहा यायला वेळ आहे, तर ऐका.

डहाणूकडच्या कासा गावात माझं दुकान. बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, देवजीबाबा बसतो. रानशेतचा म्हातारा. काळा दगड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला बेसाल्ट, छिन्नी-हातोड्यानं घडवून पाटे-वरवंटे आणि जाती करतो. सगळं आयुष्य त्यातच गेलं. आणि माझ्याकडे मशीनवर लाद्या कापतो तो सुनील, या बाबाचा सख्खा मुलगा! दीड वर्षापूर्वी छिन्नी खाली ठेवून माझ्याकडे आला. त्या दिवसापासून बाप लेकाशी बोलत नाही. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत.

सुनीलला एकच हवंय. "शेठ, पगाराचं नंतर बघू. बाबांनी एकदा आत येऊन माझं काम बघावं, बस्स." रस्ता केवढा? वीस पावलं! पण बाबा हलेल तर शपथ.

*

गंमत अशी की दोघं राहतात एकाच घरात आणि रानशेतहून येतात पण एकाच मोटरसायकलवर! पुढे लेक, मागे बाप, मधे दोघांचा डबा. शब्द नाही. उत्तर मिळत नाही म्हणून सुनीलनंही विचारणं सोडून दिलं.

एकदा वाटेत सुनील पेट्रोल भरायला थांबला. बाबा उतरला. टाकी भरली, सुनीलनं किक मारली आणि सुटला. मागे कुणी बसलंय का, हे विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आणि बाबानं हाक मारायची म्हणजे तोच आधी बोलला असं झालं असतं!

तासाभरानं बाबा शेअर जीपमधून उतरला. सरळ आपल्या जागेवर जाऊन बसला आणि तिथूनच मला ओरडून म्हणाला, "शेठ, तुमच्या कारागिराला सांगा, सामान मागं राहिलं होतं!"

*

आता धंद्याचं. डहाणूचे एक निवृत्त साहेब ओट्यासाठी लादी बघत होते. मी रंगात आलो होतो. लादीवर लिंबू पिळून दाखवलं, गरम तवा ठेवून दाखवला. साहेब खूश. जाता जाता त्यांनी विचारलं, "गॅरंटी किती?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आयुष्यभर!"

समोरून आवाज आला, "कुणाच्या?"

साहेबांचं वय पंच्याहत्तर. ते वळले आणि म्हणाले, "आणि तुमच्या पाट्याची हो?"

"तुमच्या सुनेची सून तक्रार घेऊन आली, तर बदलून देईन," बाबा म्हणाला.

साहेब माझी लादी घेऊन गेले, आणि बाबाचा पाटाही! लादी टेम्पोत, पाटा मांडीवर.

*

तलासरीच्या एक गुजराती बेन आल्या. त्यांना पाटा हवा होता, पण चकचकीत, ओट्याला मॅचिंग! मी म्हटलं, आपल्याकडे तुकडे पडलेत, आणखी काय पाहिजे? सुनील नको नको म्हणत होता. तरी मी त्याच्याकडून एक तुकडा घासून, पॉलिश मारून घेतला आणि दिला.

चौथ्या दिवशी बेन हजर. "भाई, आ तो बहु लीसो छे!" म्हणजे फारच गुळगुळीत. वरवंटा फिरवला की मिरची सुळकन खाली! चटणी पाट्यावर कमी आणि साडीवर जास्त.

अहो, खरं आहे त्यांचं. पॉलिश केलेलं ग्रॅनाइट पुसायला झकास, पण वाटायला दगडाला धर पाहिजे. काळ्या दगडाला बाबा टाकी मारून बारीक खळगे पाडतो, त्यात मिरची अडकते म्हणून वाटली जाते. मी मुकाट्यानं बेनना समोर पाठवलं.

बाबानं त्यांना पाटा दिला. मग माझा तुकडा उलटसुलट करून बघितला. "हा पण ठेवा बेन, टाकू नका. भिंतीला उभा केला की तोंड दिसतंय. टिकली लावायला बरा!"

*

एका शाळेचे भूगोलाचे सर पोरं घेऊन आले. एका हातात बाबाकडचा दगड, दुसऱ्या हातात माझ्याकडचा. "दोन्ही अग्निजन्य, बरं का! ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून कण मोठे, डोळ्यांना दिसतात. बेसाल्ट म्हणजे वर आलेला लाव्हा. पटकन थंड झाला, कण वाढायला वेळच मिळाला नाही."

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण सरांनी माझ्या सगळ्यात महाग काळ्या लादीवर हात ठेवला. "आणि हा ब्लॅक ग्रॅनाइट खरा ग्रॅनाइट नव्हेच. दगड उत्तम, पण हा बेसाल्टच्या घरातला. दुकानात नाव तेवढं ग्रॅनाइट."

झालं! बाबा समोर छिन्नी टाकून उभाच राहिला.

"बघा, मास्तर! माझ्या घरातलं उचलून आपल्या नावावर खपवायची या शेठला सवयच आहे!"

पोरं हसली. सुनीलही हसला, पण मान खाली घालून. मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

*

दसऱ्याला मशीनची पूजा असते. मी मुद्दाम रस्ता ओलांडून गेलो, हात जोडले. "बाबा, आज तरी चला. पोरगा वाट बघतोय."

"माझी छिन्नी मी इथं पुजली. मशीनला नमस्कार सांगा," म्हणाला. वर पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला.

सुनीलनं तो नारळ फोडला नाही. डब्याच्या पिशवीत ठेवला. संध्याकाळी बाबा आणि बाबाचा नारळ एकाच गाडीवरून रानशेतला परत!

*

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट. एका बिल्डिंगच्या ओट्यांची ऑर्डर होती. सकाळपासून मशीनची घरघर, पाण्याचा चिखल. सुनील लादी कापायचा, उचलून लोखंडी स्टँडला ठण्णकन टेकवायचा, की पुढची. बाहेर टेम्पोवाला घाई करत होता. शेवटची लादी उभी राहिली आणि समोरची ठकठक बंद पडली.

बघतो तर बाबा रस्ता ओलांडतोय! हातात हातोडा! एका ट्रकनं हॉर्न मारला, तरी वळून बघितलं नाही. बाबा पायरीशी आला, चपला काढल्या आणि आत शिरला. सुनील भिंतीला चिकटून उभा.

बाबा लाद्यांच्या रांगेवरून चालत गेला. शेवटच्या लादीपाशी थांबला, बोटाच्या पेरानं वाजवली. "ही मघाशी बद्द वाजली. तिथवर ऐकू आलं."

मी चष्मा लावून बघितलं, काही नाही. सुनीलनं तिच्यावर पाणी ओतलं आणि फडक्यानं पुसलं. सगळी लादी वाळली. मधे केसाएवढी एक रेघ ओलीच राहिली. चीर! टेम्पोत घातली असती तर तलासरी यायच्या आत दोन तुकडे झाले असते.

बाबानं सुनीलकडे बघितलं. माझ्याकडे नाही, सुनीलकडे.

"सकाळपासून अकरा कापल्यास. दहा बऱ्या आहेत."

बाबा पायरीवर चपला घालायला लागला, तेव्हा कुठं सुनील हळूच म्हणाला, "आणि काल?"

"काल नऊ," बाबा म्हणाला. "सगळ्या."