मार्कची उलटतपासणी

आमचे वकीलसाहेब 'हरकत आहे' हे शब्द कोर्टापेक्षा कोर्टाबाहेरच जास्त वापरत. हॉटेलवाला म्हणाला, "साहेब, चहा ताजा आहे," की यांची हरकत. कशावरून ताजा? कुणादेखत उकळला? भोरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणाला, "वेल्ह्याची गाडी निघाली तिकडनं," तर हे विचारत, "स्वतः पाहिलंत की ऐकीव?" गाडी बहुतेक वेळा ऐकीवच निघे. त्यामुळे साहेबांचा स्वभाव सुधारण्याची आशा गावाने सोडून दिली होती.

मी त्यांची ज्युनियर. आपल्याला वकिली शिकायला मिळेल अशा गोड समजुतीने मी त्यांच्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं ते एवढंच : "मॅडम, माणूस दोनदाच खरं बोलतो. एकदा चुकून, आणि एकदा खोटं आठवत नाही म्हणून." उभी हयात भोर-वेल्ह्याच्या बांधांच्या भांडणात गेलेली. स्वतःच्या जन्माआधीचा नांगर डोळ्यांनी पाहिल्याची शपथ घेणारे साक्षीदार त्यांनी तपासले होते. मनुष्यजातीविषयी त्यांचं मत फार चांगलं राहणं शक्यच नव्हतं.

अशा माणसाच्या हाती उत्रोलीच्या गुरुजींनी बायबलमधला नवा करार दिला. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती घर. आसपासच्या थोड्या कुटुंबांची रविवारची प्रार्थना तेच चालवत. एका प्रतिज्ञापत्रासाठी ऑफिसात आले आणि जाताना प्रेमाने पुस्तक ठेवून गेले. बिचाऱ्यांना वाटलं असेल, वाचून साहेबांचं मन पालटेल. साहेबांनी ते कोर्टाच्या सुट्टीत लाल पेन्सिल घेऊन वाचलं.

"मॅडम," सुट्टीनंतर ते म्हणाले, "येशूची हकिगत सांगणारे साक्षीदार चार. शपथेवर एकही नाही. मार्क सगळ्यांत आधीचा म्हणतात, तर तोही घटनेनंतर काही दशकांनी लिहितो. आणि मत्तय त्याचाच जबाब समोर ठेवून आपला लिहितो. याला आपल्याकडे काय म्हणतात?"

"पढवलेला साक्षीदार," मी म्हणाले. आज्ञाधारकपणा ही ज्युनियरची पहिली पात्रता.

तेव्हापासून गुरुजी दर गुरुवारी, भोरचा बाजार उरकून, हातात भाजीची पिशवी घेऊन ऑफिसात येऊ लागले. अशील बाहेर बाकावर ताटकळत बसत आणि आत दोन हजार वर्षांपूर्वीचा खटला चाले. साहेबांनी त्यासाठी कुठून कुठून जाडजूड ग्रंथ मागवले. आमच्या प्रलंबित दाव्यांची इतकी तयारी त्यांनी केली असती, तर निम्मा तालुका सुखी झाला असता.

"येशूच्या वंशावळी दोन," एकदा साहेबांनी तोफ डागली. "आजा एकीत याकोब, दुसरीत एली. वारसनोंदीला असे दोन कागद आणले, तर तलाठी दारात उभा करील का तुम्हाला?"

गुरुजींनी पिशवीतली मेथी सारखी केली. "एक बापाकडची, दुसरी आईकडची, असं सांगतात. मला काही ते पटत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग?"

"मग काय? माझ्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरं. वडील मात्र होते, साहेब. माराच्या खुणा आहेत पाठीवर."

ज्यू ज्याची वाट पाहत होते तो मशीहा येशूच का, हा मुद्दा तर अनेक गुरुवार पुरला. साहेब ज्यूंचं वकीलपत्र न मागता घेत. "त्यांनी मागितलं काय होतं? दावीदाच्या घराण्यातला राजा. परकी सत्ता उलथवील, देशात शांतता आणील. तुम्ही दिलात कोण? रोमनांनी क्रूसावर मारलेला सुतार! मागणी एक आणि हुकूम भलताच. ज्यूंनी नाकारलं यात त्यांचं काय चुकलं? त्यांचा दावा अजून प्रलंबित आहे, एवढंच."

"त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणालो नाही," गुरुजी म्हणत. "पण बनवायचाच होता, तर लोकांना हवा तसा बनवला असता की. मेलेला मशीहा कोण घेणार होतं?"

"हरलेला पक्षकार अपिलात असंच बोलतो."

येशू मेलेल्यांतून उठला आणि त्याची कबर रिकामी होती, याची पहिली साक्ष बायकांची, हा गुरुजींचा हुकमी एक्का. त्या काळी बाईच्या साक्षीला कोण विचारत होतं? खोटंच रचायचं, तर एखादा प्रतिष्ठित पुरुष उभा केला असता. साहेब तोही उडवून लावत. "बायका किती, कोण, तिथं त्यांना कोण दिसलं, चौघांच्या चार तऱ्हा. बाद!" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हाला उद्देशून नाही." मोठी मेहेरबानी.

नसरापूरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला, गुरुजींच्या प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबांची जुनी दफनभूमी आहे. शेजारची जमीन पुण्याच्या एकाने फार्महाऊससाठी घेतली आणि दफनभूमीही आपल्याच हद्दीत धरून तारेचं कुंपण घातलं. गुरुजींची पत्नी तिथेच पुरलेली. कागदोपत्री या लोकांच्या बाजूने काहीही नव्हतं. होत्या फक्त तीन म्हाताऱ्या बहिणी.

दावा अर्थात आमच्याकडे आला. ऐकीव गोष्टींचा सगळ्यात मोठा वैरी आता आठवणींवर खटला लढवणार होता. मी हे दृश्य चुकवणं शक्यच नव्हतं.

पहिली म्हातारी म्हणाली, "म्या हुते की तितं. आईला पुरली तवा लई पाऊस हुता." दुसरी म्हणाली, "पाऊस कुठला? ऊन मरणाचं, पाय भाजत हुते." तिसरीला ऊन-पाऊस आठवेना. "आमच्या दादानं खांदा दिलता आन चिचंखाली खड्डा घेतला, येवढं ठावं हाय. दुसरं न्हाई."

समोरचे वकील हसत उठले. एकाच दफनाच्या तीन कहाण्या, तीनही परस्परविरोधी, सबब तिन्ही खोट्या. शेवटच्या बाकावर बसलेले गुरुजी खाली बघत होते.

साहेब उठले. चष्मा पुसायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाले, "महाराज, पढवलेले साक्षीदार एकसारखं बोलतात. या बायकांचं जुळत नाही, कारण यांना कुणी पढवलेलं नाही. ऊन होतं की पाऊस, यावर त्या भांडतील. पण आईला कुठे पुरली, यावर तिघींचं एकच बोट आहे. माणूस तपशील विसरतो. आपलं माणूस कुठे ठेवलं, ते विसरत नाही."

मी मान फिरवून मागे पाहिलं. गुरुजी रुमालाने तोंड पुसत होते. हसू लपवत होते की आणखी काही, ते मी पैजेवर सांगणार नाही.

कोर्टाने वहिवाट मान्य केली. कुंपण निघालं. पायऱ्यांवर गुरुजींनी हात जोडले, तशी साहेबांनी घाईघाईने तंबी दिली, "हे फक्त या दाव्यापुरतं. मार्कला याचा फायदा मिळणार नाही!"

"नको मिळू दे," गुरुजी म्हणाले. "येतो गुरुवारी."

पुढच्या हिवाळ्यात गुरुजी गेले. हृदयविकाराचा झटका आला, पुण्याला नेईपर्यंत सगळं संपलं. वकीलसाहेब दफनाला आले आणि लांब उभे राहिले. माती लोटून झाल्यावर कुणीतरी चुकीच्या बाजूला क्रूस रोवायला निघालं, तेव्हा मात्र पुढे होऊन म्हणाले, "डोकं इकडं आहे. मी पाहिलंय."

त्यानंतरच्या काही दिवसांतली गोष्ट. बाररूममध्ये एक तरुण वकील मोबाईलवर व्हिडिओ पाहून आला होता. येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळी बनवाबनवी आहे, असं तो रंगून सांगत होता. साहेब इतके भडकले की मला त्यांची खुर्ची धरावी लागली. येशूनंतर त्याचा धर्म पसरवणाऱ्या पौलाची पत्रं मार्कच्याही आधीची आहेत, त्यात तो येशूच्या सख्ख्या भावाला भेटल्याचं लिहितो, नसलेल्या माणसाला भाऊ असतो का? एक एक करून त्यांनी गुरुजींचे मुद्दे गुरुजींपेक्षाही चढ्या आवाजात मांडले. तरुण वकिलाने व्हिडिओ बंद केला.

गुरुवारी ऑफिसात त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. "मॅडम, आता तुम्ही विरोधात बोला. मी बचावाला."

इतकी वर्षं ऐकून त्यांचे सगळे हल्ले मला पाठ होते. वंशावळी झाल्या, मशीहा झाला, त्यांनी सगळं परतवलं. मग मी विचारलं, "साहेब, मार्कच्या सगळ्यांत जुन्या प्रतींत बायका कबरीपासून पळतात आणि भीतीने कुणालाच काही सांगत नाहीत. तिथेच पुस्तक संपतं. मग ही गोष्ट कळली कुणाला?"

बाहेर बाकावरचे अशील खोकत होते. साहेबांनी दाराकडे पाहिलं.

"याचं उत्तर गुरुजी देणार होते," ते म्हणाले. "मीच म्हणालो, पुढच्या गुरुवारी."